पालकसंघाचा निधि आणि प्राप्तिकर

शाळेच्या पालकांनीं मिळून निधि उभारावा, गरीब विद्यार्थ्यांस पुस्तकें, गणवेष व परीक्षाशुल्क द्यावें, ग्रंथालयांत भर घालावी, असा विचार अनेक ठिकाणीं निघतो. आणि निधि जमतोहि. परंतु तो बहुधा कोणा एका सद्गृहस्थाच्या नांवें बँकेंत पडतो. ते गृहस्थ बदली होऊन परगांवीं गेले तर पैसा कोणाचा? त्यावरील व्याज कोणाच्या उत्पन्नांत धरावयाचें? प्राप्तिकर खात्यास नांव दिसतें तें त्यांचेंच. ज्यानें परोपकारार्थ खातें उघडलें त्याच्याच माथीं कर बसावा, हें विचित्र खरें. पण त्यांत खात्याचा दोष नाहीं.

आतां कोणी म्हणेल, पालक-शिक्षक संघ तर कायद्यानेंच असतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क-विनियमन कायद्यानें तो खाजगी शाळांतून आवश्यक केला आहे हें खरें. परंतु त्याची कार्यकारी समिति वर्षापुरती, व मुख्य हेतु शाळेच्या शुल्कावर देखरेख. वर्षानुवर्षें निधि सांभाळावयाचा तर निराळी संस्था काढणें बरें.

त्यासाठीं निदान सात व्यक्तींनीं एकत्र येऊन उद्देशपत्र व नियमावली तयार करावी, आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीं नोंदणी करावी. (नागपूर ज्या मध्यप्रांताची राजधानी झालें, त्याहूनहि हा कायदा एका वर्षानें वडील आहे!) शिवाय १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीं धर्मादाय कार्यालयांत नोंद हवी, तें कार्यालय नागपुरांतच आहे. १८६० च्या कायद्यांतील एक कलम सभासदांनीं आधींच वाचून ठेवावें. संस्था मोडली तर उरलेली शिल्लक सभासदांस वांटून घेतां येत नाहीं. ती दुसऱ्या संस्थेस द्यावी लागते. म्हणजे दिलेला पैसा दिलाच.

एवढ्यानें कर माफ झाला, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. करमाफीसाठीं प्राप्तिकर खात्याकडे निराळा अर्ज करावा लागतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या कायद्यानें घेतली. परंतु प्रश्न जुनाच राहिला: हें कार्य धर्मादाय आहे काय? गरिबांस साहाय्य व शिक्षण हीं दोन्हीं त्या व्याख्येंत स्पष्ट शब्दांनीं आहेत. सभासदांच्या वर्गणींतून सभासदांच्याच सहली व मेजवान्या मात्र तींत बसत नाहींत.

या प्रश्नावर एक प्रसिद्ध निकाल आहे. गांधीजींच्या पुढाकारानें १९२५ सालीं स्थापन झालेला अखिल भारतीय चरखा संघ खादी विकीत असे. विक्री आहे तेथें व्यापार आहे, असें म्हणून प्राप्तिकर खात्यानें कर मागितला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेलें, आणि १९४४ सालीं निर्णय झाला कीं, संघाचा खरा हेतु दरिद्री लोकांस साहाय्य करण्याचा आहे, म्हणून तो करमुक्त. तेव्हां पालकांनीं आनंदमेळा भरवून चार पैसे मिळविले म्हणून भिण्याचें कारण नाहीं; तो पैसा उद्देशाकडेच गेला पाहिजे व त्याचा हिशेब वेगळा ठेविला पाहिजे.

खरी कसोटी पुढें आहे. समजा, कोषाध्यक्षाची स्वतःची मुलगी हुशार आहे व घरची स्थिति बेताची आहे. तिला शिष्यवृत्ति द्यावी काय? आपण सहज म्हणूं, द्यावी. कायदा तसें म्हणत नाहीं. विश्वस्त, त्यांचे नातलग व मोठे देणगीदार यांस संस्थेच्या पैशांतून लाभ पोंचला, तर करमाफीस बाध येतो. येथें कायदा कठोर वाटतो. तथापि वर्गणी देणाऱ्या इतर शंभर पालकांच्या दृष्टीनें पाहिल्यास त्याचा कठोरपणा पटतो. ज्याच्या पाल्यास साहाय्य लागेल त्यानें समितींत न जावें हेंच उत्तम. तसेंच निधि एकाच जातीच्या वा धर्माच्या मुलांपुरता ठेवूं नये.

नव्या संस्थेस प्रथम तात्पुरती नोंदणी मिळते. पुढें नियमित नोंदणी, आणि तीहि ठराविक मुदतीची. वर्षाच्या उत्पन्नापैकीं सामान्यतः शेंकडा ८५ उद्देशावर खर्चावें लागतें. देणगीदारास सवलत हवी असल्यास संस्थेस त्याचीहि मान्यता घ्यावी लागते. मग देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट कांहीं मर्यादेपर्यंत मिळते. मात्र २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती मिळत नाहीं, आणि ज्यानें कराची नवी पद्धति पत्करली त्यासहि नाहीं.

पालकांच्या संस्थेस आणखी एक अडचण असते, जी इतरांस फारशी नसते. मुलगा दहावी उत्तीर्ण झाला कीं बाप शाळेंतून निघतो! विश्वस्त बदलला कीं ९० दिवसांच्या आंत धर्मादाय कार्यालयास बदल-अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला, तर नोंदवहींत ज्यांचीं नांवें दिसतात त्यांचीं मुलें कधींच महाविद्यालयांत गेलेलीं असतात, आणि बँक सही मागते ती त्यांचीच.