इंजिन थंड पाहा, लिफ्ट गरम पाहा

जुना ट्रॅक्टर पाहायला जायचं असेल, तर आदल्या रात्री मालकाला फोन करून एकच सांगा: आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लावा. ते कोमट लागलं, तर चहा घ्या, पण सौद्याला बसू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. दहा-बारा वर्षं चाललेल्या इंजिनाची झीज सकाळच्या पहिल्या सेल्फलाच कळते.

लिफ्टचं मात्र उलटं आहे, हे मी ठेच लागून शिकलो. काही वर्षांपूर्वी रिसोड भागात एक ट्रॅक्टर पाहिला. सेल्फ मारताच इंजिन सुरू झालं, लिफ्टनं पलटी नांगर झटक्यात उचलला. तिथंच इसार दिला. जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीला तासाभरात तेल तापलं, आणि वळणावर उचललेलं पेरणी यंत्र आपोआप खाली बसायला लागलं. तीन दिवस ट्रॅक्टर गॅरेजात होता. तोवर वापसा गेला होता.

थंड तेल घट्ट असतं, त्यामुळे झिजलेला पंप आणि खराब सील झाकले जातात. तेल तापून पातळ झालं की गळती उघडी पडते. म्हणून इंजिन थंड असताना तपासायचं आणि लिफ्ट गरम असताना. निदान पाऊण तास वावरात नांगर चालवा. मग नांगर उचलून दहा मिनिटं तसाच ठेवा. तो खाली बसत असेल, तर दुरुस्तीचे १० ते १५ हजार किमतीतून वजा करा.

इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण काढा. तिथून जोरानं धूर फुसफुसत असेल, तर रिंगा गेल्या आहेत. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. इंजिन पूर्ण बांधायचं तर आपल्याकडं ६० ते ८० हजारांची तयारी लागते, आणि जुन्या ट्रॅक्टरात याहून मोठा खर्च सहसा नसतो. मागच्या टायरांची जोडी ४० हजारांच्या आसपास, क्लच मजुरीसकट १५ ते २० हजार, बॅटरी ६ ते ८ हजार. गावागणिक आकडे थोडे हलतील. समजा, मालक ३ लाख ४० हजार म्हणतो, टायर गुळगुळीत आहेत आणि क्लच शेवटाला आलाय. मग तो ट्रॅक्टर तुम्हाला ४ लाखांना पडतोय. त्या पैशात दुसरीकडं काय मिळतं, हे पाहूनच बोला.

तासांच्या मीटरवर विसंबू नका, मीटर बदलता येतो. क्लचच्या पायट्याचं रबर, स्टिअरिंगमधली ढिलाई आणि मागच्या हुकाचं भोक पाहा. भोक लांबट झालं असेल, तर त्यानं ट्रॉली फार ओढली आहे. मीटर काहीही सांगो. ऊसपट्ट्यातून आलेल्या ट्रॅक्टरचे ब्रेक आणि गिअर आधी तपासा. भंडारा-गोंदियाकडं चिखलणी केलेल्याच्या चाकांचे सील पाहा. अकोट-तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यातला असेल, तर इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. आत क्षारांचा थर दिसला, तर तो ट्रॅक्टर सोडा, असं मी म्हणेन.

माझ्या मते वाशीम-मंगरूळपीरकडच्या पाच-सात एकरवाल्यानं ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या पुढं जाऊ नये. या गटात साधा डिझेल पंप असलेले ट्रॅक्टर भरपूर आहेत, आणि तो जवळचा मिस्त्री खोलू शकतो. पाहायला जाताना त्याच मिस्त्रीला बरोबर न्या. त्याला पाचशे-हजार रुपये द्या, आणि मालकाकडून त्याला काही मिळणार नाही, हे आधीच बोलून घ्या. खरेदी मे-जूनमध्ये करू नका. पेरणी तोंडावर असते, किमती चढलेल्या असतात आणि नीट तपासायला सवड नसते.

आणखी एक गोष्ट सौद्यात तुमच्या बाजूची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आधी ७ लाखांना पडणाऱ्या ट्रॅक्टरमागे ही बचत साधारण ४४ हजारांची होते. नवा स्वस्त झाला, तर जुन्याचा भावही उतरायला हवा. ट्रॅक्टरच्या टायरवरचा करही १८ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा टायर घेताना पक्कं बिल मागा.

कागदांत सगळ्यात मोठा धोका बोजाचा. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल, तर 'हप्ते भरलेत' हे तोंडी ऐकू नका. कंपनीचं ना-देय पत्र आणि नमुना ३५ मागा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणी आणि विमा पाहा, चेसिस नंबर स्वतः जुळवा. नोंदणीला १५ वर्षं होत आली असतील, तर नूतनीकरणाचा खर्च कुणाचा, ते ठरवून घ्या. नाव चढवायला नमुना २९ आणि ३० लागतात, आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यालाही हे पटवून द्या: नाव बदललं नाही आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावरच राहते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात म्हटलं आहे. त्यामुळे तोही आरटीओत यायला टाळाटाळ करणार नाही. तरीही २० हजार रुपये आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत हातात ठेवा, आणि ही अट इसारपावतीवर दोघांच्या सह्यांनिशी लिहून घ्या.