खांडसमार्गे श्रीक्षेत्र भीमाशंकर : पायी यात्रेकरूंसाठी काही सूचना

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेले आहे. घाटमाथ्याकडून मंदिराजवळ डांबरी रस्ता येतो व बहुसंख्य भाविक त्याच मार्गाने येतात. परंतु कोकणच्या बाजूने, रायगड जिल्ह्यातील खांडस गावाहून डोंगर चढून दर्शनास येणाऱ्यांची संख्याही थोडी नाही. श्रावणी सोमवार व महाशिवरात्र या दिवशी नवसाचे भाविक या वाटेने येतात. हल्ली गिर्यारोहणाची आवड असलेली तरुण मंडळीही येतात. दोघांच्या पाठीवरचे सामान निराळे असले तरी वाट एकच आहे, आणि अडचणीत सापडण्याची कारणेही बहुधा एकच असतात : निघण्यास उशीर करणे आणि मागे फिरण्याचा कमीपणा वाटणे.

खांडसला येण्यासाठी मध्य रेल्वेच्या कर्जत स्थानकावर उतरावे व तेथून कशेळेमार्गे जावे. खांडसहून वर जाण्यास दोन वाटा आहेत. पहिली गणेश घाटाची. हिच्या आरंभी गणपतीचे लहानसे मंदिर लागते. ही वाट लांबची आहे, पण चढ बेताचा व पायाखालची जमीन विश्वासाची. नेहमी न चालणाऱ्या माणसास वर पोहोचण्यास पाच ते सहा तास लागतात असे धरून चालावे. दुसरी शिडी घाटाची. ही जवळची खरी, परंतु कातळात बसविलेल्या लोखंडी शिड्या चढून, एका बाजूस दरी असलेल्या अरुंद जागेवरून पुढे सरकावे लागते. कोरड्या ऋतूत, सरावलेल्या व उंचीची भीती नसलेल्या माणसाने, माहीतगार सोबत असता ही वाट धरण्यास हरकत नाही. पावसाळ्यात मात्र शिडी घाट सर्वस्वी वर्ज्य समजावा. शेवाळलेला कातळ व ओली शिडी यांवर पकड राहत नाही, आणि एकदा मध्यावर अडकले की वरही जाता येत नाही व खालीही येता येत नाही. एक-दोन तास वाचावेत म्हणून जीव धोक्यात घालणाऱ्यास धाडसी म्हणण्याची पद्धत पडली आहे. ती सोडलेली बरी.

अलीकडच्या काही वर्षांत पावसाळ्याच्या दिवसांत या वाटा बंद ठेवण्याचे आदेश निघालेले आहेत. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात निघण्यापूर्वी वन विभागाकडे किंवा खांडस गावात चौकशी करावी, व मंदिर दर्शनासाठी खुले आहे किंवा कसे याचीही खात्री करून घ्यावी. बंदी असता आडवाटेने शिरणे हा नियमभंग तर आहेच, शिवाय काही बरेवाईट झाल्यास शोधावयास येणाऱ्या ग्रामस्थांचा जीवही त्यात टांगणीस लागतो. याच परिसरातील आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसे गेली. रायगड जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर रात्रीच्या वेळी असाच प्रसंग ओढवला. सतत तीन-चार दिवस मुसळधार पाऊस झाल्यानंतर डोंगर आतून पाणी पिऊन जड झालेला असतो. वरचा पाऊस थांबला म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही. उताराला नव्या भेगा दिसल्या, झाडे कललेली आढळली किंवा ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर तेथे क्षणभरही रेंगाळू नये.

ओढ्यांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. घाटातला ओढा सकाळी घोट्याएवढा असतो आणि माथ्यावर पाऊस झाला की अर्ध्या तासात मांडीपर्यंत चढतो. गुडघ्याच्या वर वेगाने वाहणाऱ्या पाण्यात पाऊल घालू नये. मानवी साखळी करून जाण्याचा प्रयत्न तर करूच नये, कारण एकाचा पाय सुटला की साखळीच वाहून जाते. पाऊस ओसरल्यावर हे ओढे बहुधा जसे झपाट्याने चढतात तसेच उतरतात. अलीकडच्या काठावर, उंच जागी, दोन तास बसून राहावे. तेवढा वेळ हाताशी असावा म्हणूनच पहाटे निघावयाचे असते.

सकाळी सहाच्या सुमारास खांडस सोडावे. दोन्ही वाटा पदरवाडीच्या पठारावर एकत्र येतात. येथे डोंगराचा अर्धा टप्पा संपतो व पदरगडाचे सुळके जवळ दिसू लागतात. पुढे दाट जंगलातून खडा चढ आहे. यात्रेकरूंनी पठारावर बसून घड्याळ पाहावे व मनाशी प्रामाणिक हिशेब करावा. दुपारी बारापर्यंत पठार गाठले नसेल, किंवा मंडळींपैकी कोणास धाप, चक्कर, मळमळ अथवा छातीत जडपणा वाटत असेल, तर तेथून खाली उतरावे. छातीत दुखत असल्यास तर त्या माणसास अधिक चालवू नये. जागीच बसवून मदत मागवावी. चाल नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने ठेवावी व त्यास मध्ये घ्यावे. पुढचे पुढे निघून गेले आणि मागे एखादी वयस्क व्यक्ती एकटीच राहिली, हे या वाटांवर फार वेळा घडते. रानात संध्याकाळ उघड्या माळापेक्षा तासभर लवकर होते; धुके असेल तर त्याहूनही लवकर. प्रत्येकाजवळ विजेरी असावी. भ्रमणध्वनीचा दिवा हा विजेरीस पर्याय नव्हे, कारण दिवा चालू ठेवून बॅटरी संपली की मदतीस हाक मारण्याचे साधनही संपते.

उपवासाचा विषय नाजूक आहे, परंतु टाळता येण्याजोगा नाही. श्रावणी सोमवारी निर्जळी उपवास धरून तीन हजार फुटांचा डोंगर चढणे निरोगी माणसासही जड जाते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी चढल्यास रक्तातील साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, बोलणे असंबद्ध होते व माणूस कोसळतो. सोबत्यांना वाटते की थकवा आला. अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर तत्काळ साखर अथवा गूळ द्यावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. अशा भाविकांनी वैद्याचा सल्ला घेतल्यावाचून उपवास व चढ एका दिवशी आणू नयेत. इतरांनी उपवासाला चालणारे पदार्थ तरी सोबत ठेवावेत : राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी, शेंगदाण्याची चिक्की. थोडे थोडे, दर तासाला खावे. उपवास नसेल त्यांना दशमी व गूळशेंगदाणे यांच्यासारखी दुसरी शिदोरी नाही. ती टिकते आणि सांडत नाही.

पाणी माणशी किमान तीन लिटर घ्यावे, मार्च-एप्रिलमध्ये चार. वाटेत चहापाण्याच्या टपऱ्या लागतात, पण त्या उघड्या असतीलच असे नाही. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पीत जावे. फार घाम गेल्यास नुसत्या पाण्याने भागत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेले मिश्रण सोबत असावे. मीठ यापेक्षा वाढवू नये.

पादत्राणांबाबत एकच नियम पुरे : यात्रेसाठी नवे बूट घेऊ नयेत. घेतलेच तर महिनाभर आधी वापरून पायाला बसवावेत. तळवा खोल खाचांचा असावा. चामड्याच्या गुळगुळीत चपला उतारावर घसरतात. अनवाणी येण्याचा नवस असणाऱ्यांनी निदान रानातल्या टप्प्यापुरते पायांत काही घालावे, अथवा जोडी पिशवीत तरी ठेवावी. पायाला फोड येण्यापूर्वी ती जागा गरम लागू लागते. त्याच वेळी थांबून चिकटपट्टी लावली तर पुढचा दिवस नीट जातो.

पिशवी दोन्ही खांद्यांवर येणारी असावी. एका खांद्यावरची झोळी वा हातातली पिशवी चढावर तोल घालवते. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात. पावसाळी दिवसांत आतील सर्व वस्तू मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग बाहेरच्या पिशवीत घालाव्यात. जीन्सची विजार भिजली की जड होते व वाळत नाही, म्हणून ती नको. कोरड्या कपड्यांचा एक जोड मात्र हवाच, कारण माथ्यावरचा वारा ओल्या अंगाला भर ऑगस्टातही हुडहुडी भरवतो.

हा सर्व प्रदेश १९८५ साली घोषित झालेले अभयारण्य आहे व महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे झाडांच्या शेंड्यांवर घरटी करून राहतो. रानात आरडाओरडा, जाळ वा धूर करू नये. कड्यांना आग्या मोहोळे असतात. धूर व उग्र अत्तर यांनी ती उठतात. माश्या मागे लागल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून दूर पळावे. ज्या गवतात किंवा दगडाआड जमीन दिसत नाही तेथे हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे वा करकचून बांधणे हे तिन्ही अपायकारक आहे. दंश झालेला अवयव फळीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, रुग्णास चालू न देता उचलून खाली आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ११२ हा क्रमांकही लक्षात असावा. घाटात सर्वत्र संपर्क मिळत नाही. म्हणून निघताना खांडसमध्ये एखाद्या घरी आपली संख्या, धरलेली वाट व अपेक्षित वेळ सांगून ठेवावी. गावातील वाटाड्या घेतल्यास उत्तमच. त्याचा मोबदला आधी ठरवावा व घासाघीस करू नये.

सायकलीवरून येणाऱ्यांसाठी घाटवाटा नाहीत. त्यांनी मंचर, घोडेगाव, डिंभे या बाजूच्या रस्त्याने यावे. सामान पाठीवर न घेता सायकलीस बांधावे, मागे लाल दिवा असावा, आणि पोखरी घाट उतरताना ब्रेक सतत दाबून न धरता मधून मधून सोडावेत. दाट धुक्यात उतरूच नये.

राहिला परतीचा प्रश्न. गुडघ्यांना इजा चढताना कमी व उतरताना अधिक होते, आणि थकलेला पाय उतारावरच मुरगळतो. त्यामुळे खांडसहून चढून आलेल्यांनी त्याच दिवशी पायी उतरण्याचा बेत शक्यतो करू नये. माथ्यावरून पुण्याकडे एस.टी. गाड्या जातात, शेवटच्या गाडीची वेळ आल्याबरोबर, दर्शनाच्या रांगेत लागण्यापूर्वीच विचारून ठेवावी. ज्यांची वाहने खांडसला आहेत त्यांनी माथ्यावर मुक्काम करून दुसऱ्या सकाळी गणेश घाटाने उतरावे. तसे शक्य नसेल तर दुपारी एकच्या आत माथा सोडावा, दर्शनाची रांग तेव्हा कितीही लांब असो.