क्लचचं पायडल आधी हातानं दाबून बघा

ट्रॅक्टरचा गिअर टाकताना खरखर होते, एवढीच माझी तक्रार होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीजवळच्या एका मिस्त्रीनं वाकून क्लचच्या रॉडचा नट आवळला, "झालं मालक" म्हणाला. गिअर अलगद पडू लागला, मीही खूश.

चार दिवसांनी उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ओढताना इंजिन ओरडतंय, पण ट्रॅक्टर रेटत नाही, वर जळका वास. त्याच मिस्त्रीनं धड न बघताच सांगितलं, "प्लेट गेली. तुमचा ड्रायव्हर हाफ क्लचवर चालवतोय." ट्रॅक्टर मधून फोडला. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, सगळं नवं. ऐन गळीत हंगामात तीन दिवस गाडी उभी. ड्रायव्हरला मी चारचौघांत बोललो, ते अजून सलतंय.

आठवड्यात पुन्हा तोच वास! एमआयडीसीत मशीन शॉपला असलेला भाचा रविवारी आला होता. म्हणाला, "मामा, पायानं नको, हातानं दाबा." दाबलं, तर पायडल अगदी वरूनच जड. मोकळी चाल शून्य. म्हणजे रिलीज बेअरिंग कायम प्रेशर प्लेटच्या फिंगरवर टेकलेलं, आणि प्रेशर प्लेट क्लच प्लेटला पुरतं धरतच नव्हती. दोन्ही वेळा नट जास्त आवळलेला. मिस्त्रीला विचारलं तर म्हणे, "नवी प्लेट बसायला वेळ लागतो." चूक कबूल नाहीच. जुनी प्लेट मागितली, तर ती भंगारात गेलेली.

आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात ही चाल २५ मिमी दिलीय. तुमचं पुस्तक बघा. पट्टी लावून मोजा. लॉकनट सैल करून रॉड थोडा थोडा फिरवा, मोजा, मग लॉकनट घट्ट करा. चाल फार झाली की क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर खरखरतो. अजिबात नसली की क्लच घसरतो. प्लेट झिजते तशी चाल कमी होत जाते, म्हणून हंगामात पंधरवड्याला मोजाच. चाल बरोबर असूनही घसरत असेल तर क्लच हाऊसिंगच्या खालच्या भोकातून तेल ठिबकतंय का बघा. सील गळत असताना नुसती प्लेट बदलली, तर नवीही तेलानं भिजणार. डबल क्लच असेल तर पीटीओची सेटिंग वेगळी असते, अंदाजानं हात घालू नका. पायडलवर पाय ठेवून चालवू नये. पक्कं बिल घ्या, आणि गाडी फोडताना समोर उभे राहा.

ड्रायव्हर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "पायडल वरूनच धरतंय, मालक." मी त्याला गप्प बसवलं होतं.