कंडक्टरचे जिने आणि ड्रायव्हरची खुर्ची

‘तो मोबाइल ठेव आणि जरा खेळायला जा,’ हे वाक्य तुम्ही आज घरी ऐकले नसेल, तर काल नक्की ऐकले असेल. त्यावर तुमच्यातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील, ‘पण मोबाइलने नेमके होते तरी काय?’ प्रश्न अगदी रास्त आहे. मोठ्या माणसांना त्याचे उत्तर चटकन देता येत नाही, कारण त्या एका वाक्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पडद्यापासून अपाय होतो का, हा पहिला. पडद्यापुढे बसल्यामुळे जे करायचे राहून जाते, त्याने काय बिघडते, हा दुसरा. असा गुंता सोडवायचा कसा, हे पाहण्यासाठी आपण मोबाइल नव्हता त्या काळात, लंडनच्या बसमध्ये जाऊन बसू.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दगावणाऱ्यांची संख्या वाढत चालली होती. कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते. जेरी मॉरिस (१९१०–२००९) या डॉक्टरांना वाटले, माणसाच्या रोजच्या कामाशी याचा काही संबंध असेल काय? हे मॉरिस युद्धकाळात हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर म्हणून काम करून गेलेले होते. तुलना करायला त्यांनी जी माणसे निवडली, त्यातच त्यांची हुशारी दिसते. लंडनची दुमजली बस मुंबईकरांना नवलाची नाही. तिच्यावर एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर असे. दोघे एकाच संस्थेचे नोकर, एकाच थरातले, एकाच शहरातल्या धुक्यात आणि धुरात वावरणारे. फरक एकच. ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून असे आणि कंडक्टर तिकिटे फाडत खाली-वर करी. एका दिवसात तो ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे!

मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर हजार ड्रायव्हरांमागे वर्षाला २.७ जणांना हृद्रोग जडत होता, तर दर हजार कंडक्टरांमागे १.९ जणांना. शिवाय कंडक्टरांना तो होई तेव्हा सहसा उशिरा होई आणि झटक्यापाठोपाठ मृत्यू येण्याचे प्रमाणही त्यांच्यात बरेच कमी होते.

आता तुम्ही वकील आहात असे समजा आणि या निष्कर्षावर हरकत घ्या. ‘लंडनच्या रहदारीतून बस हाकायची म्हणजे डोक्याला ताप. हृदय बिघडले ते त्या तापाने, बसण्याने नव्हे,’ असे कोणी म्हणेल. ही हरकत मॉरिस यांनाही सुचली होती. म्हणून त्यांनी टपाल खात्यातली माणसे तपासली. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन एका बाजूला, टेबलाशी बसणारे कारकून आणि टेलिफोनवर काम करणारे दुसऱ्या बाजूला. येथे रहदारीचा ताप नव्हता, तरीही हिंडणारे पोस्टमन बैठ्या माणसांपेक्षा सरस ठरले.

दुसरी हरकत अधिक बिकट होती. मुळात स्थूल माणसेच ड्रायव्हरची नोकरी पसंत करत असतील तर? याचा शोध घेण्यासाठी मॉरिस यांनी जो साक्षीदार गाठला, तो मला या साऱ्या कथेतला सर्वांत गमतीदार भाग वाटतो. संस्था आपल्या नोकरांना गणवेश शिवून देत असे आणि त्यासाठी घेतलेली मापे नोंदलेली होती. त्या विजारींच्या कंबरांची मापे काढून त्यांनी तुलना केली. ड्रायव्हरांच्या कंबरा कंडक्टरांपेक्षा मोठ्या निघाल्या! हे १९५६ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे स्वतःच्याच निष्कर्षाला खिंडार पाडणारा पुरावा त्यांनी स्वतः शोधून जगापुढे मांडला. पुढच्या अभ्यासात त्यांनी माणसांचे सडपातळ, मध्यम आणि स्थूल असे गट पाडून पुन्हा मोजणी केली. प्रत्येक गटात कंडक्टरच सुरक्षित आढळले. कंबरेचा वाटा होता, पण जिन्यांचाही स्वतंत्र वाटा होता.

जिना चढताना शरीरात काय घडते? पोटरीचे स्नायू आकसतात, तेव्हा पायांतल्या नीला दाबल्या जाऊन रक्त वर हृदयाकडे ढकलले जाते. नीलांमध्ये एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा असल्याने ते परत खाली येत नाही. तासन् तास बसून राहिलो, की हा पंप जवळपास बंद पडतो. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. विश्रांती घेणाऱ्या स्नायूला त्यासाठी इन्सुलिनची मदत लागते, पण आकसणाऱ्या स्नायूच्या पेशी साखर आत घेणारी दारे इन्सुलिनवाचूनही उघडू शकतात.

हे झाले प्रौढांचे. तुमच्या वयाला हृद्रोग फार दूरचा वाटेल, आणि खरोखर तो दूरच आहे. तुमच्या वयात चालू असलेले काम वेगळे आहे, ते हाडांचे. उंची झपाट्याने वाढते त्या सुमाराच्या अवघ्या दोन वर्षांत, प्रौढ सांगाड्यातल्या खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा हाडांत साठतो. मुलींमध्ये हा काळ साधारण साडेबारा वर्षांच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाच्या. हाड कोठे बळकट करायचे, हे शरीर त्यावर पडणाऱ्या आघातांवरून ठरवते. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरते. दोन्ही हातांना अन्न एकच, रक्त एकच. आघात तेवढे निराळे! म्हणूनच लंगडी, खोखो आणि दोरीवरच्या उड्या ही हाडांची शाळा आहे.

आणि नेमक्या याच वयात आपल्याकडे काय होते? ‘आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस?’ असे म्हणून मुलींना मैदानावरून घरी बोलावले जाते. हाडांच्या दृष्टीने यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, की ५ ते १७ वयाच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारे खेळ खेळावेत. १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या विद्यार्थ्यांचा २०१६ सालचा हिशेब पाहिला, तर १०० पैकी ८१ जण हा एक तास गाठत नव्हते. मुलांत हे प्रमाण ७८ होते आणि मुलींत ८५.

पडद्यापुढे जास्तीत जास्त किती तास बसावे? याच संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींत तुमच्या वयासाठी असा आकडा दिलेलाच नाही. मनोरंजनासाठी पडद्यापुढे बसणे कमी करा, एवढेच सांगितले आहे. ठाम आकडा सांगण्याजोगा पुरावा तज्ज्ञांना मिळाला नाही, म्हणून त्यांनी तो सांगितला नाही.

आता आपला पहिला गुंता पुन्हा हाती घेऊ. मुलांना लहान वयात चष्मा लागला, की सारे मोबाइलला दोष देतात. चीनमधील ग्वांगझू शहरात संशोधकांनी १२ शाळा निवडल्या. त्यांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. बाकीच्या सहा शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. येथे मॉरिस यांच्यासारखे केवळ निरीक्षण नव्हते, तर मुद्दाम घडवलेला प्रयोग होता. तीन वर्षांनी पाहिले, तो नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष झालेला होता आणि जादा तासाच्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना. कोणाचीही पुस्तके किंवा खेळणी काढून घेतली नव्हती. केवळ उघड्यावरचा वेळ वाढवला होता! वर्गातला उजेड काहीशे लक्स असतो, तर भर उन्हात तो एक लाखाच्या आसपास जातो. तेजस्वी उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन हे रसायन अधिक स्रवते आणि ते बुबुळामागे डोळ्याच्या गोलाची लांबी वाजवीपेक्षा वाढू देत नाही, असे मानले जाते. मग जवळून पाहण्याचा दोष नाहीच काय? तोही असू शकेल. पण राहून गेलेल्या उन्हाचा वाटा मात्र असा मोजून दाखवता आला.

तुम्हीही मोजू शकता. चौकोनी रेघांच्या वहीत एका दिवसाचे ९६ चौकोन आखा, म्हणजे दर चौकोनाला १५ मिनिटे. झोप, पडद्यापुढे बसणे, इतर बसणे, चालणे-फिरणे आणि दम लागणारी हालचाल यांना पाच रंग द्या. पाणी भरणे, झाडलोट आणि शाळेपर्यंतची सायकल विसरू नका. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला तर पाचवा रंग. रात्री आठवून भरू नका, कारण आठवण लबाड असते. दिवसातून चार वेळा वही उघडा. सात दिवसांचे ६७२ चौकोन झाले, की सुटीचा दिवस आणि शाळेचा दिवस शेजारी ठेवून पाहा. पडद्याचा रंग वाढला, तेव्हा कोणता रंग आटला? पाचवा, की फक्त ‘इतर बसणे’? उत्तर प्रत्येकाचे सारखे येणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. या वह्यांवर नावे घालू नका आणि गुणही देऊ नका, नाहीतर रंग खोटे भरले जातील. विजारींच्या मापांसारखा न बोलणारा साक्षीदार तुमच्या शाळेतही आहे, तो म्हणजे खेळसाहित्याची नोंदवही. चेंडू, दोरी आणि रिंग कोणत्या इयत्तेने किती वेळा नेली, मुलींनी किती आणि मुलांनी किती, हे पाचवीपासून दहावीपर्यंत मांडून आलेख काढा. मुलींची रेघ कोणत्या इयत्तेत खाली वळते, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.