फोर्ट स्कॉट : चौघांच्या सहलीचा खर्च किती?

मुलाकडे किंवा मुलीकडे कॅन्सस सिटीला गेला असाल, तर एक दिवस फोर्ट स्कॉटसाठी राखून ठेवा. चौघांचा खर्च शंभर डॉलरच्या आत बसतो. हिशेब असा :

प्रवेश : किल्ला राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि तिकीट नाही. फक्त या सहलीसाठी उद्यानांचा वार्षिक पास घेऊ नका. गावातले सैनिकी दफनस्थळही विनामूल्य पाहता येते.

गाडी : जाऊन-येऊन सुमारे 180 मैल. रेल्वे नाही, त्यामुळे गाडी हवीच. गॅलनला 30 मैल आणि गॅलनचा भाव 3 डॉलर धरला, तर इंधनाचे 18 डॉलर. एक्सप्रेस लेनमध्ये शिरला नाहीत, तर हायवे 69वर टोल नाही. गाडी भाड्याची असेल, तर भाडे आणि विमा वेगळा.

जेवण : मेनूवरचा भाव अंतिम नसतो. त्यावर राज्याचा 6.5 टक्के कर, स्थानिक कर आणि 15 ते 20 टक्के टिप. 15 डॉलरची डिश 19च्या घरात जाते, चौघांचे 76. घरून पोळीभाजीचा डबा नेलात, तर तेही वाचतील.

एकूण : सुमारे 94 डॉलर. भारतातले कार्ड वापरणार असाल, तर परकीय चलनाचा आकार बँकेला आधी विचारा.

काय पाहाल? 1842मध्ये सैन्याने हा तळ उभारला, 1853मध्ये सोडला. 1855मध्ये इमारतींचा लिलाव झाला आणि त्याच घरांत गावाने संसार थाटला. कवायतीच्या मैदानात मधोमध उभे राहा. एका बाजूला अधिकाऱ्यांच्या जुन्या घरात फ्री स्टेट हॉटेल होते. तिथे गुलामगिरीचे विरोधक जमत. समोर सैनिकांच्या बराकीत वेस्टर्न हॉटेल. तो समर्थकांचा अड्डा. मध्ये एवढेच गवत. जानेवारी 1863मध्ये इथेच कॅन्ससची पहिली कृष्णवर्णीय पलटण रीतसर सैन्यात दाखल झाली. छायाचित्रकार गॉर्डन पार्क्स 1912मध्ये याच गावात जन्मले. त्यांचे संग्रहालय इथल्या कम्युनिटी कॉलेजात आहे.

निघण्याआधी किल्ला आणि संग्रहालय, दोन्हींच्या वेळा फोनवर विचारून घ्या. आणि घाई करू नका : इथे पैसे कमी लागतात, वेळ मात्र पूर्ण दिवसाचा द्या.