गंजलेली पिकअप : बापलेकीने मिळून सोडवलेला एक धडा



'हाताने करून शिकणं' हे आपण प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली तेव्हा हेच सांगितलं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विचाराने. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकण्यासाठी. म्हणजे तत्त्व सगळ्यांना मान्य आहे. अडचण येते ती प्रत्यक्षात. मूल हाताशी असतं, काम समोर असतं, तरी शिकणं होत नाही. असं का होतं?

याचं उत्तर शोधायला आज एक उदाहरण घेऊ. एक जुनी पिकअप, नववीत शिकणारी एक मुलगी आणि तिचे वडील.

गाडीची ओळख

आमच्या जुन्नर तालुक्यात पिकअप म्हणजे घरातलं माणूसच. टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायचे, येताना खताच्या गोण्या आणायच्या, लग्नसराईत वऱ्हाडाचं सामान वाहायचं. या मुलीच्या आजोबांनी घेतलेली अशी एक डिझेल पिकअप त्यांच्यामागे चार वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. टायर बसलेले, फाळका जाम, आणि हौद्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. भंगारवाला वजनावर भाव करून गेला होता. वडील तोवर दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जात होते. गाडी चालू झाली तर स्वतःचं भाडं मारता येणार होतं, नाही झाली तर साठवलेले पैसे बुडणार होते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ठरवलं, 'बघू तर खरं.' मुलगी सोबत होतीच.

आधी थोडं विज्ञान : गंज थांबत का नाही?

लोखंडाला हवेतला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज धरतो. एकटं पाणी किंवा एकटी हवा पुरत नाही. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर येतो, पण तो घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून पत्रा फुगतो, रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि खालचं नवं लोखंड उघडं पडतं. म्हणजे गंज स्वतःहून थांबत नाही, त्याला थांबवावं लागतं.

क्षारांमुळे हे काम आणखी वेगाने होतं. कोकणात समुद्राकाठच्या खिडक्यांचे गज लवकर का खातात, ते यावरून कळेल. आपल्या पिकअपमध्ये सगळ्यात जास्त गंज हौद्याला होता. फुटलेल्या टोमॅटोचा आंबट रस आणि खताचे सांडलेले दाणे पत्र्याच्या सांध्यात जाऊन बसले होते. पाणी निघून जायला ठेवलेली भोकं मातीने बुजली होती. इंजिनाजवळचे तेलकट भाग मात्र शाबूत होते. तेलाचा थर पाण्याला अडवतो. लोखंडी तव्याला तेलाचा हात फिरवून ठेवणाऱ्या आईला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं!

*वर्गात करा :* चार बाटल्यांत चार खिळे ठेवा. पहिलीत साधं पाणी, दुसरीत मिठाचं पाणी, तिसरीत उकळून गार केलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, चौथी कोरडी. चौथीत बुटांच्या खोक्यात मिळते ती ओल शोषणारी पुडी टाका आणि झाकण घट्ट लावा. आठवडाभर रोज नोंद करायला सांगा. अंदाज मात्र आधी लिहून घ्या.

बॅटरी धरणारा हात

पहिले दोन रविवार काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. वडील गाडीखाली, मुलगी बॅटरी धरून बाजूला. 'नीट धर', 'इकडे दाखव', 'चौदाचा पाना दे, अगं हा नाही, रिंग पाना!' आपल्यापैकी कितीतरी जणांचं लहानपण अशी बॅटरी धरण्यात गेलंय. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, 'मला अभ्यास आहे.'

इथे आपण मुलांना आळशी म्हणून मोकळे होतो. पण बॅटरी धरणाऱ्याला काम दिसत नाही, निर्णय कळत नाही, आणि श्रेयही मिळत नाही. वाट्याला येतात ती फक्त बोलणी. वर्गातही असंच होतं. प्रयोग शिक्षक करतात आणि मुलं स्टँड धरतात.

तिच्या वडिलांनी यावर केलेला उपाय साधा होता. ते म्हणाले, 'इंजिन, ब्रेक माझे. हौदा तुझा. काय घासायचं, काय बदलायचं, तू सांगायचं. मी तुझा हेल्पर.' सोबत एक दोनशे पानी वही दिली. त्यात तारीख, काम, खर्च आणि अडलेली गोष्ट, चारही तिनेच लिहायचं.

चौथ्या रविवारी ती सकाळी सातलाच गाडीपाशी हजर होती.

तुटलेला बोल्ट

फाळक्याच्या बिजागरीचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तिने पान्याला पाईप अडकवला. ३० सेंमीच्या पान्याऐवजी ६० सेंमी लांबीवर तेवढाच जोर लावला, तर फिरवणारं बल-आघूर्ण दुप्पट होतं. वर्गात हे सूत्र पाठ करून घ्यायला आपल्याला दोन तास लागतात. इथे तरफ कळली आणि पुढच्याच क्षणी बोल्टचं डोकं तुटून हातात आलं.

वडील उठून जवळ आले. तोंडावर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि विचारलं, 'तुटायच्या आधी हाताला काय जाणवलं?' ती म्हणाली, 'आधी घट्ट होता, मग एकदम मऊ लागला.' 'तो मऊ लागला ना, तेव्हा थांबायचं.'

मग त्यांनी बाकीच्या बोल्टवर डिझेल सोडून रात्रभर ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बोल्ट थोडा आवळायचा, थोडा सोडायचा, पुन्हा आवळायचा. गंजाची पकड अशीच हळूहळू सुटते. तुटलेला बोल्ट ड्रिलने काढायला वडिलांना दीड तास लागला आणि तो दीड तास ती शेजारी बसून बघत होती. त्यानंतर तिच्या हातून एकही बोल्ट तुटला नाही.

पालकहो, त्या क्षणी 'सांगितलं होतं ना तुला' हे वाक्य आलं असतं, तर ती फक्त घाबरायला शिकली असती. 'काय जाणवलं?' या प्रश्नाने तिचं लक्ष परत हाताकडे गेलं. गणिताच्या वहीत चूक सापडल्यावर लाल रेघ मारण्याआधी आपणही एवढंच विचारू शकतो : 'इथे तू काय विचार केलास?'

'पावसाला कळेल'

या उपक्रमातला सगळ्यात अवघड दिवस जानेवारीत आला. हौद्याखालचा एक आडवा चॅनल वरून चांगला दिसत होता, रंगही टिकून होता. तिने हातोडीने ठोकून पाहिलं. चांगला पत्रा 'टण्' वाजतो. हा 'थप' वाजला. तिने स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला, तर तो आरपार गेला.

चॅनल कापून नवा जोडायचा म्हणजे वेल्डिंगचा खर्च. वहीतल्या हिशोबाप्रमाणे हाताशी तेवढे पैसे नव्हते. वडील म्हणाले, 'पुट्टी भरू, वरून रंग मारू. कुणाला कळणार नाही.'

ती म्हणाली, 'पप्पा, पावसाला कळेल.'

वडील काही न बोलता घरात गेले. हौदा तिचा, असं त्यांनीच सांगितलं होतं. आता शब्द पाळायचा की मोडायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्या हौद्यात उद्या क्रेट भरले जाणार, वर एखादा माणूसही बसणार. तरीही पैशाचं सोंग आणता येत नाही. संध्याकाळी त्यांनी वही मागितली आणि दोघांनी पुन्हा हिशोब मांडला. नवीन सीट कव्हर रद्द, केबिनचा रंग पुढच्या वर्षी, टायर दोनच नवे. त्यातून वेल्डिंग बसलं.

मुलीचं ऐकणं म्हणजे लाड करणं असं नाही. तिने पुरावा दाखवला होता, हातोडीचा आवाज आणि आरपार गेलेलं टोक. वडिलांनी पुराव्याला मान दिला. विज्ञानाचा दृष्टिकोन म्हणून आपण जे शिकवतो, ते याहून वेगळं काय असतं?

शिक्षक म्हणून मला हा प्रसंग जास्त बोचतो. पाया कच्चा असलेल्या मुलाला परीक्षेपुरती उत्तरं पाठ करून घेतली की निकालाचा रंग छान दिसतो. पुढच्या इयत्तेत ते मूल 'थप' वाजतं.

शेवटी काय झालं?

टाकीतलं जुनं डिझेल काढताना पहिल्यांदा पाणी आलं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी साठतं. फिल्टर बदलला, लाईनमधली हवा काढली, आणि मे महिन्यात इंजिन काळा धूर ओकत चालू झालं. ब्रेकचं काम मात्र गॅरेजच्या मेस्त्रींकडूनच तपासून घेतलं.

पासिंगला गाडी पहिल्यांदा परत आली. मागचा इंडिकेटर लागत नव्हता, रिफ्लेक्टर टेपही अपुरी होती. इंडिकेटरची वायर तर शाबूत होती. मग तिच्या लक्षात आलं, अर्थिंगची वायर जिथे बॉडीला जोडतात त्या जागेवरही तिने मन लावून रंग मारला होता! रंग विजेला अडवतो. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासली, बोल्ट आवळला, दिवा लागला. 'परिपथ पूर्ण हवा' हे वाक्य ती आता जन्मात विसरणार नाही. दुसऱ्या वेळी गाडी पास झाली.

विषयवार काय साधलं?

* विज्ञान : क्षरण, तरफ, घनता, विद्युत परिपथ. ब्रेकच्या तेलात हवा राहिली की पेडल मऊ का लागतं, यातून पास्कलचा नियम.
* गणित : हौद्याचं क्षेत्रफळ काढून प्रायमरचा अंदाज, खर्चाचा ताळेबंद, मिलिमीटरमधलं मोजमाप.
* मराठी : कामाची रोजनिशी. आटे, फाळका, कमानपाटे, बिजागरी असे शब्द तिच्या निबंधात आपसूक आले.
* इतिहास : दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं कसा टिकला, हा तिचा स्वतःचा प्रश्न. त्या लोखंडातल्या फॉस्फरसमुळे तयार झालेला संरक्षक थर हे त्याचं महत्त्वाचं कारण.

हे मात्र पाळाच

१. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मुलाने जायचं नाही. मोठ्यांनीही भक्कम ठोकळे लावल्याशिवाय जाऊ नये. चाकांना दगड लावा.
२. ग्राइंडर, वेल्डिंग आणि डिझेलची टाकी ही कामं मोठ्यांचीच. वेल्डिंगच्या ज्योतीकडे बघू देऊ नका.
३. जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा. मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेत. ब्रेकमधली धूळ फुंकून उडवू नका.
४. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह टर्मिनल काढा.
५. दुरुस्ती आली म्हणजे स्टिअरिंग मिळालं असं नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनुसार अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
६. शिकणं आणि मजुरी यांत गल्लत नको. शाळा बुडवून काम नाही, रविवारचे दोन-तीन तास पुरेत. 'आज नको' म्हणायचा हक्क मुलाला हवा.

घरी पिकअप नसेल तर?

गाडीच हवी असं काही नाही. जुनी सायकल, बंद पडलेलं शिलाई मशीन, आजीची गंजलेली विळी, शाळेतले मोडके बाक, काहीही चालेल. दप्तराविना दिवसांसाठी गावातल्या मेस्त्रींना वर्गात बोलवा. त्यांना भाषण करायला सांगू नका. एक जाम झालेला बोल्ट टेबलावर ठेवा आणि मुलांसमोर तो सोडवायला सांगा.

चर्चेसाठी प्रश्न

१. तिसऱ्या रविवारी मुलगी का आली नाही? तुमच्या वर्गात 'बॅटरी धरणारी' मुलं कोणती?
२. बोल्ट तुटल्यावर तुम्ही काय म्हणाला असता? खरं उत्तर लिहा.
३. पैसे खरोखरच कमी पडले असते तर चॅनलचं काय करायला हवं होतं?
४. तुमच्या घरातली किंवा शाळेतली कोणती दुरुस्ती पूर्णपणे मुलाच्या नावावर करता येईल? त्यातला कोणता निर्णय सोडून देणं तुम्हाला जड जाईल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलाला वाचून दाखवा. येत्या रविवारी काम तिथूनच सुरू करा.