ऑपरेशन झाले, आता डोळा सांभाळा

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, आजोबा त्याच दिवशी घरी आले, म्हणजे सारे पार पडले असे आपण समजतो. परंतु ऑपरेशन असते पंधरा-वीस मिनिटांचे. पुढची काळजी मात्र महिना-दीड महिन्याची असते.

ऑगस्ट २०१९ मध्ये इंदूरच्या एका नेत्र रुग्णालयात काय घडले ते पुष्कळांना आठवत असेल. सरकारी अंधत्व निवारण कार्यक्रमाखाली तेथे मोतीबिंदूची ऑपरेशने झाली. मागाहून रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला व ११ जणांची एका डोळ्याची दृष्टी गेल्याचे उघडकीस आले. ऑपरेशन थिएटर बंद करण्यात आले, चेन्नईहून तज्ज्ञ आले, काही रुग्णांना उपचारासाठी चेन्नईस नेले. यात रुग्णांचा काही दोष नव्हता.

ही गोष्ट घाबरविण्यासाठी सांगितलेली नाही. असा संसर्ग क्वचितच होतो आणि ऑपरेशनमुळे लाखो लोकांना पुन्हा दिसू लागले आहे. पण संसर्ग झालाच, तर एक-दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो. वेळेवर डोळ्यात औषधाचे इंजेक्शन मिळाले तर पुष्कळदा तो वाचतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. थेंब घालण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. खालची पापणी किंचित ओढून एकच थेंब घालावा. बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधांमध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

२. बरे वाटले म्हणून थेंब मध्येच बंद करू नयेत; मुदत संपल्यावर आपल्या मनाने चालूही ठेवू नयेत. यांतील काही औषधांनी डोळ्यातील दाब वाढतो.

३. डोळा चोळू नये. रात्री डोळ्यावर प्लास्टिकचे झाकण लावावे. डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी घेऊ नये.

४. सोयाबीन वा गहू मळणीयंत्रातून निघत असताना खळ्यावर जाऊ नये. भुसा, चुलीचा धूर, गोठ्यातील शेण, फवारणी यांपासून दूर राहावे. पोती उचलू नयेत. शक्य असेल तर ऑपरेशनची तारीख सुगीनंतरची घ्यावी.

५. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी. अशा रुग्णांना संसर्गाचा धोका अधिक असतो.

आता मुख्य गोष्ट. डोळा दुखू लागला, लाली वाढली, पू आला, किंवा काल दिसत होते ते आज अंधुक झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे जावे. हा धोका पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो. घरी येतानाच रुग्णालयाचा फोन नंबर व पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून घ्यावी.

आपली वडीलधारी माणसे दुखणे अंगावर काढतात. "मुलाचा रोज बुडेल, सुनेला त्रास होईल; परवा तपासणीला जायचेच आहे, तेव्हा सांगू," असे म्हणतात. त्या दोन दिवसांतच डोळा जातो. तेव्हा घरच्यांनीच सकाळ-संध्याकाळ विचारावे: "आजोबा, दुखते का? दुसरा डोळा झाकून माझी बोटे मोजा पाहू." एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याची अशी चौकशी आपण करावी. मिनिटभराच्या या विचारपुशीने एखाद्याचा डोळा वाचेल.